सॅलिसिलिक अ‍ॅसिडने तोंड पोळून घेतलंय, आता पुढे काय?

दारातला_निवडुंग

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृतींच्या धाग्यांवर पडीक असते, इकडे पहिल्यांदाच लिहितेय. सांभाळून घ्या.

वय ३४, मुक्काम पुणे. कॉलेजात मैत्रिणींच्या चेहऱ्यावर मुरमांचं पीक आलं होतं तेव्हा माझा चेहरा नितळ होता, आणि त्याबद्दल मी थोडी मिरवलेही होते. ती बाकी देवाने आता व्याजासकट वसुलीला काढलीय. गेल्या दीड वर्षापासून हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेने मोठे, दुखरे मुरूम येतात. एक बसला की शेजारी दुसरा. नाकावरचे काळे ठिपके वेगळेच.

ऑफिसातल्या एकीने सांगितलं, सॅलिसिलिक लाव. साडेपाचशेची २ टक्क्यांची सीरमची बाटली आणली, त्याच अ‍ॅसिडचा फेसवॉशही आणला. आता माझा पराक्रम ऐका. सकाळी फेसवॉश, त्यावर अक्रोडाच्या टरफलाचा स्क्रब, मग सीरम, मग व्हिटॅमिन सी. रात्री परत फेसवॉश आणि परत सीरम. असं ११ दिवस. पहिले चार दिवस चेहरा इतका चकचकीत दिसायला लागला की मला वाटलं, जिंकलो!

बाराव्या दिवशी पोहे करताना कढईवरचं झाकण काढलं आणि वाफ गालाला लागली, तर अक्षरशः ओरडले. आरशात पाहिलं तर नाकपुड्यांच्या कडेने कांद्याच्या पापुद्र्यासारखी साल सुटलेली, गाल लालबुंद, आणि साधं पाणी मारलं तरी भगभग. नवरा म्हणाला, "उन्हात ठेवलेल्या पापडासारखी दिसतेयस." मुरूम आहेत तिथेच आहेत, हे विशेष.

तर प्रश्न असा, की हे अ‍ॅसिड मला सोसत नाही असं समजायचं, की माझंच काही चुकलं? बाटली कपाटात ठेवू की कचऱ्यात?

उगाच_आपलं

बाटली कचऱ्यात टाकू नका. फरशीचे डाग निघतात का बघा. :)

ओसरीवरून

अगं पोरी, दिवसातून दोनदा अ‍ॅसिड आणि वर अक्रोडाची टरफलं? आम्ही तांब्याची भांडी सुद्धा इतकी घासत नाही. जायफळ दुधात उगाळून फक्त पुळीवर लाव, रात्री झोपताना. माझ्या तिन्ही मुलींचं तारुण्य त्या एका जायफळावर निघालं, अजून अर्धं डब्यात आहे.

हेल्मेटखालचा

ताई, सेम झालं होतं. फरक इतकाच की मी वरून लिंबू पण चोळलेलं. कोल्हापुरात दिवसभर गाडीवर असतो, हेल्मेटच्या पट्ट्याखाली हनुवटीला बारीक पुटकुळ्या यायच्या. लिंबानंतर जे झालं ते लिहीत नाही. हा धागा फॉलो करतोय.

साबणवाला

मी डॉक्टर नाही. वीसेक वर्षं साबण-शांपूच्या कारखान्यात प्रयोगशाळेत काढली आहेत, त्या अधिकारात चार शब्द. लांबेल, चहा घेऊन बसा.

आधी ही वस्तू काय आहे ते. विलो नावाचं झाड तुम्हा सगळ्यांना माहीत आहे, फक्त बॅटीच्या रूपात. काश्मीर विलो, इंग्लिश विलो वगैरे. त्याचा आपल्याकडचा भाऊबंद म्हणजे सह्याद्रीत ओढ्याकाठी वाढणारा वाळुंज. विलोच्या सालीने ताप उतरतो ही समजूत फार जुनी. १७६३ मध्ये एडवर्ड स्टोन नावाच्या इंग्लिश पाद्र्याने ती साल वाळवून, कुटून तापाच्या रोग्यांना दिली आणि रॉयल सोसायटीला पत्राने कळवलं. १८३८ मध्ये राफाएले पिरिआ या इटालियन रसायनशास्त्रज्ञाने सालीतल्या सॅलिसिनपासून हे आम्ल मिळवलं. झाडाचं लॅटिन नाव सॅलिक्स, म्हणून हे सॅलिसिलिक. पुढे १८९७ मध्ये बायर कंपनीत फेलिक्स हॉफमनने त्यावरच एक क्रिया करून अ‍ॅस्पिरिन बनवलं. आजीच्या गुडघ्याला लावायच्या मलमाचा जो ठसकेबाज वास येतो तो मिथाइल सॅलिसिलेटचा, म्हणजे गंधपुऱ्याच्या तेलाचा. सगळं एकच खानदान आहे.

आता चेहऱ्याकडे येऊ. या आम्लाचं वैशिष्ट्य एकच: ते पाण्यात जेमतेम विरघळतं, तेलकट गोष्टींशी मात्र त्याचं चटकन जमतं. एक लिटर पाण्यात दोन-सव्वादोन ग्रॅम विरघळलं तर नशीब. त्वचेच्या छिद्रात भरलेलं असतं ते तेल आणि मेलेल्या पेशी, दोन्हींचा मिळून घट्ट खवा. पाण्यात विरघळणारी ग्लायकोलिक, लॅक्टिक ही आम्लं मुख्यतः वरवर काम करतात, हे गृहस्थ त्या खव्यात शिरतात आणि पेशींना एकमेकींना चिकटवून ठेवणारा डिंक सैल करतात. म्हणून काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांवर ते चांगलं. ठिपका काळा दिसतो तो मळामुळे नाही हो, छिद्राचं तोंड उघडं असल्याने आतला ऐवज हवा लागून काळवंडतो. घासून तो जात नाही. अक्रोडाची टरफलं आजच निवृत्त करा.

दुसरी गोष्ट पीएचची, म्हणजे आंबटपणाच्या मापाची; आकडा जितका कमी तितकं आंबट. हे आम्ल ३ च्या आसपासच्या पीएचला अर्धं 'जागं' (म्हणजे कातडीत शिरू शकेल अशा रूपात) असतं, ४ ला बाराव्या हिश्श्याइतकं, आणि साडेपाचला हजारात तीन. त्यामुळे बाटलीवर २ टक्के लिहिलंय एवढ्यावरून काही कळत नाही. एका कंपनीचं २ टक्के पाण्यासारखं लागेल, दुसरीचं तोंड सोलेल. तुमच्या ३० मिलीच्या बाटलीत आम्ल असतं ०.६ ग्रॅम. चहात टाकायच्या साखरेच्या चिमटीएवढं. पण ती चिमूट तुम्ही रोज दोनदा, घासून उघड्या केलेल्या कातडीवर लावलीत, वर व्हिटॅमिन सी, तेही बहुतेक आम्लधर्मीच.

फेसवॉशबद्दल: त्यातलं अ‍ॅसिड वीस सेकंदांत मोरीत जातं. मिनिटभर तोंडावर ठेवलं तर थोडा उपयोग, नाहीतर तो चांगल्या वासाचा साबण. (हे मी कारखान्यात बोललो असतो तर चहा बंद झाला असता.)

वऱ्हाडी_ऊन

साबणवाले भाऊ, जबरदस्त लिहिलं. वाचनखूण साठवली.

एक विचारतो. आमच्याकडे पायाच्या भोवरीला मेडिकलमधून गोल पट्टी आणतात, मधे पांढरट औषध असते. त्याच्या पाकिटावर बी हेच नाव वाचलं होतं मी. तेच का हे?

साबणवाला

तेच. त्या पट्टीत ४० टक्के असतं. चामखिळीच्या औषधात १७ च्या आसपास, लॅक्टिक अ‍ॅसिडच्या जोडीने. नायट्यासाठीचं व्हिटफिल्ड मलम असतं त्यात ३ टक्के सॅलिसिलिक आणि ६ टक्के बेन्झोइक. कोंड्याच्या शांपूतही सापडेल. माणूस एक, नोकऱ्या अनेक.

आणि कृपा करून कोणी अ‍ॅस्पिरिनच्या गोळ्या कुटून त्याचा लेप लावू नका. व्हिडिओ फिरत असतात. अ‍ॅस्पिरिन हे वेगळं संयुग आहे, आणि गोळीत खडू-पिठासारखं भरताड असतं ते वेगळंच. गोळी कुटून सीरम होत नसतं.

बर्फातली_पुरणपोळी

न्यू जर्सीहून. इथे हे २ टक्क्यांपर्यंत सरसकट दुकानात मिळतं, ०.५ ते २ ही एफडीएची, म्हणजे इथल्या सरकारी औषध खात्याची, मर्यादा. मुंबईत असताना मी रोज लावायचे, काही व्हायचं नाही. दमट हवा, तेलकट त्वचा. इथे पहिल्याच जानेवारीत हीटरच्या कोरड्या हवेत तीच बाटली, तोच हात, आणि ओठांच्या कोपऱ्यांना चिरा. आता हिवाळ्यात आठवड्यातून एकदाच, तेही फक्त नाकावर. बाटली बदलली नव्हती, गाव बदललं होतं.

दारातला_निवडुंग

साबणवाले, किती छान समजावलंत! स्क्रब टाकला. (ओसरीवरून काकू, जायफळ नक्की आणते, पण आत्ता तिथे बोट लावायची सोय नाही.)

बरं, आनंदाची बातमी. तीन दिवसांपूर्वी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेले, काउंटरवरच्या मुलाला चेहरा दाखवला. त्याने एक ट्यूब दिली, म्हणाला, यातही सॅलिसिलिकच आहे मॅडम, पण मलम आहे, पोळणार नाही. तीन रात्री लावली. लाली गेली, भगभग गेली, हनुवटीवरचे दोन मुरूमसुद्धा बसले! गाल लोण्यासारखे. ऐंशी रुपयांत काम झालं. मग माझं साडेपाचशेचं सीरमच खराब होतं म्हणायचं का?

साबणवाला

थांबा. ट्यूबच्या मागे बारीक अक्षरात काय काय लिहिलंय ते जसंच्या तसं इथे टाइप करा. आज रात्री लावायच्या आधी.

दारातला_निवडुंग

बीटामेथासोन डायप्रोपिओनेट ०.०५ टक्के, सॅलिसिलिक अ‍ॅसिड ३ टक्के, बाकी ऑइंटमेंट बेस. का हो?

डॉ_खाजखुजली

बरेच दिवस नुसती वाचत होते, आता लिहिणं भाग आहे. मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. (आयडी भावाने काढून दिलाय, त्याबद्दल माफी.)

निवडुंगताई, ती ट्यूब आजच बंद. त्यातलं सॅलिसिलिक हा वऱ्हाडी आहे, नवरदेव बीटामेथासोन. ते चांगलंच जोरकस स्टिरॉइड, म्हणजे दाह दाबणारं औषध आहे. ही जोडी बनलीय सोरायसिससारख्या आजारांसाठी, जिथे कातडी जाड होऊन खवले धरतात. सॅलिसिलिकने खवले सुटतात आणि स्टिरॉइड आत पोचतं. कोपरावर, तळव्यावर, डॉक्टरांच्या नजरेखाली ते उत्तम औषध आहे. चेहऱ्याची कातडी त्यामानाने मलमलीची.

तीन दिवसांत जी जादू दिसली ती स्टिरॉइडचीच. लाली दाबली जाते, सूज दाबली जाते, रंगही उजळल्यासारखा वाटतो. म्हणून तर ही मलमं घराघरांत 'चेहऱ्याची क्रीम' होऊन बसतात. मग काही आठवड्यांनी, महिन्यांनी कातडी पातळ होते, गालावर लाल रेघा दिसायला लागतात, लव वाढते, बारीक पुटकुळ्यांचा थर येतो. बंद करावं तर चेहरा भडकतो, म्हणून पुन्हा लावलं जातं. ओपीडीत असा एकही आठवडा जात नाही की लग्न ठरलेली मुलगी किंवा तिची आई अशी ट्यूब पर्समधून काढत नाही. २०१८ मध्ये सरकारने अशी बरीच स्टिरॉइड मलमं शेड्यूल एच मध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. काउंटरवर काय होतं ते तुम्ही आत्ताच सांगितलंत.

तुमचे तीनच दिवस झालेत, तेव्हा घाबरू नका. थांबवल्यावर दोन-चार दिवस पुन्हा लाल होईल, होऊ द्या. पण हा धागा वाचणाऱ्यांपैकी कोणी महिनोनमहिने असं काही लावत असेल तर मनानेच एकदम बंद न करता डॉक्टरांना चेहरा दाखवून बंद करा.

कुठलीही ट्यूब असो, मागच्या नावांत शेवटी 'सोन', 'सोल', 'सोलोन' असं काही दिसलं तर चेहऱ्याला लावायच्या आधी विचारा. बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासॉल. सगळ्या नावांना हा नियम लागू पडतो असं नाही, पण घरातल्या ट्यूबा चाळायला एवढं पुरेल.

ओसरीवरून

अगं बाई! डॉक्टर, आत्ता उठून देवघराखालचा औषधांचा डबा उपसला. सुनेची एक मोमेटासोन निघाली. वांगावर लावते म्हणे, पार्लरवालीने सांगितलं. चार महिने झाले. सकाळी दोघी जातोय.

डॉ_खाजखुजली

जाच काकू. आणि तिला रागावू नका, ती एकटी नाही.

उगाच_आपलं

फरशीचा विनोद मागे घेतो. घरी आईची ट्यूब बघून आलो. साधी निघाली. हुश्श.

दारातला_निवडुंग

हात थरथरले वाचताना. ट्यूब टाकली. त्या मुलाशी भांडायला जाणार होते, पण मागितली मीच होती, चिठ्ठी नव्हतीच माझ्याकडे.

मग डॉक्टर, आता सॅलिसिलिकचं काय करू? कायमचा रामराम?

डॉ_खाजखुजली

नाही, पण आत्ता सुट्टी. किमान तीन आठवडे चेहऱ्याला तीनच गोष्टी: सौम्य, फेस न होणारा क्लेन्झर, साधं बिनवासाचं मॉइश्चरायझर आणि दिवसा सनस्क्रीन. साल सुटलीय तिथे रात्री पेट्रोलियम जेली. पापुद्रे ओढू नका, कितीही मोह झाला तरी. आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीचा स्वभाव असा की कुठेही दाह झाला की ती आठवण म्हणून काळा डाग ठेवते. मुरूम आठ दिवसांत जातो, डाग सहा महिने राहतो. तुमच्या बाबतीत अ‍ॅसिडपेक्षा मला त्याचीच जास्त काळजी.

पाण्याने भगभग होणं पूर्ण थांबलं, की मग आठवड्यातून दोन रात्री. चेहरा धुवा, कोरडा होऊ द्या, तीन थेंब, फक्त जिथे ठिपके आणि मुरूम येतात तिथे. नाकपुडीची खाच, ओठांचे कोपरे, डोळ्यांखाली नाही. दहा मिनिटांनी मॉइश्चरायझर. दोन-तीन आठवडे सोसलं तर एक दिवसाआड. बहुतेकांना त्यापुढे जायची गरज पडत नाही. व्हिटॅमिन सी हवंच असेल तर सकाळी.

आणि एक कडू सत्य. सॅलिसिलिक हे मुरमांवरचं पहिल्या पसंतीचं औषध नाहीच. अमेरिकन अकॅडमी ऑफ डर्मॅटॉलॉजीच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत ठाम शिफारस आहे ती बेन्झॉइल पेरॉक्साइड, रेटिनॉइड (व्हिटॅमिन ए च्या कुळातली) मलमं अशांची. सॅलिसिलिकला 'अटींसह' एवढंच. ठिपके, तेलकटपणा, बारीक पुटकुळ्या इथपर्यंत ते छान काम करतं. तुमचे हनुवटीचे मोठे, खोल, दुखरे मुरूम त्याच्या आवाक्याबाहेरचे आहेत. ११ दिवस काय, ११ महिने लावलं असतं तरी. तिशीनंतर जबड्याच्या कडेने आणि पाळीच्या आगेमागे येत असतील, पाळी अनियमित असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील, तर आधी पीसीओएसच्या (बीजकोशांच्या आणि हार्मोन्सच्या बिघाडाच्या) तपासण्या. सीरमच्या बाटलीवर हे कोणी लिहीत नाही.

दारातला_निवडुंग

पाळीच्या आठवडाभर आधीच येतात. आणि हो, बाकीच्या दोन गोष्टीही आहेत. मला कधी जोडून बघायचं सुचलंच नाही.

कैरी_हवी

मधेच घुसतेय. सातवा महिना चालू आहे आणि चेहऱ्यावर कधी नव्हे ते मुरूम. सासूबाई म्हणतात मुलगा असणार. मी २ टक्क्यांचा फेसवॉश वापरत होते, भीतीने बंद केला. बरोबर केलं ना?

डॉ_खाजखुजली

मुरमांवरून मुलगा-मुलगी कळत नाही, सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. इतक्या कमी प्रमाणातलं, थोड्या जागी लावायचं सॅलिसिलिक गरोदरपणात साधारणपणे चालतं असं मानतात. फेसवॉश तर धुऊनच जातो. टाळायचं ते जास्त टक्केवारीचे पील (कातडीचा वरचा थर काढणारे लेप) आणि अंगभर लावणं, कारण मोठ्या भागातून ते रक्तात उतरू शकतं. रेटिनॉइडची मलमं आणि आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या मात्र अजिबात नाहीत. तरी तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या कानावर घाला. आणि ज्यांना अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी आहे त्यांनी गरोदर असो-नसो, सॅलिसिलिकपासून लांब राहा.

हेल्मेटखालचा

डॉक्टर, माझं पण सांगा ना. कपाळावर केसांच्या रेषेला लागून बारीक बारीक पुटकुळ्या, सगळ्या एकसारख्या. खाज पण येते. सॅलिसिलिक तीन महिने लावलं, शष्प फरक नाही.

डॉ_खाजखुजली

न बघता नक्की सांगता येत नाही. पण दोन प्रश्न: डोक्यात कोंडा आहे का? आणि तेल किती लावतोस?

हेल्मेटखालचा

कोंडा भरपूर. तेल आई रविवारी वाटीभर जिरवते. खोबरेल. मग त्यावर हेल्मेट.

डॉ_खाजखुजली

झालं तर मग! एकसारख्या, खाजऱ्या पुटकुळ्या म्हटलं की मनात पहिली शंका मॅलासेझियाची. कोंड्यामागेही हाच यीस्ट असतो, आणि तो तेलावर पोसला जातो. तो साधा मुरूम नव्हे, त्याला बुरशीवरचं औषध लागतं. तुझ्या कपाळावर आईने रविवारी त्याची पंगत बसवलीय. डॉक्टरांना दाखव, तोवर तेल बंद आणि हेल्मेटचं आतलं कापड धू.

ओसरीवरून

तेल बंद?? डॉक्टर, तुमचं बाकी सगळं ऐकलं हो.

वऱ्हाडी_ऊन

काकू, हे तर कट्टर भांडणाचं ठिकाण. धागा भरकटला तर वेगळा काढू. :)

नागपूरवाल्यांसाठी माझा अनुभव. मे महिन्यात ४५ डिग्रीला घाम, धूळ, दुपट्टा तोंडाला बांधलेला. मी एप्रिल ते जून हे अ‍ॅसिड बंदच ठेवतो. एकदा चालू ठेवलं होतं, घामासोबत ओघळून डोळ्यात गेलं, गाडी बाजूला घ्यावी लागली.

बर्फातली_पुरणपोळी

नाकावरच्या बारीक करड्या ठिपक्यांबद्दल कोणीतरी सांगा. मी वर्षभर पट्ट्या चिकटवून ओढल्या. पट्टीवर काटेरी जंगल निघायचं, मन तृप्त व्हायचं, आणि महिन्याभरात परत तेच.

साबणवाला

कारण ते ब्लॅकहेड नव्हेतच. तेल बाहेर यायची ती नैसर्गिक वाट आहे, सगळ्यांच्या नाकावर असते. उपसली तरी भरणारच, विहिरीसारखी. आरसा दहापट मोठं दाखवणारा असेल तर तो माळ्यावर टाका.

दारातला_निवडुंग

मंडळी, दहा आठवड्यांनी हजेरी लावतेय. धागा वर काढल्याबद्दल क्षमस्व.

ट्यूब बंद केल्यावर पाच दिवस चेहरा टोमॅटो होता. ऑफिसात कॅमेरा बंद ठेवून मीटिंगा केल्या. मग शांत झाला. तीन आठवडे खरंच काही लावलं नाही, म्हणजे ते तीन कंटाळवाणे प्रकार सोडून. त्या काळात कळलं की मला चेहऱ्याला सतत काहीतरी 'करायची' सवय लागली होती. रात्री बेसिनपाशी उभी राहिले की नुसते हात शिवशिवायचे.

सोनोग्राफी, रक्त तपासण्या झाल्या. पीसीओएस आहे. त्याचे उपचार सुरू आहेत, ते इथे लिहीत नाही कारण प्रत्येकीचं वेगळं असतं. रात्री अ‍ॅडापलीन हे रेटिनॉइड मलम, चिठ्ठीवर मिळालेलं. सॅलिसिलिक मंगळवार आणि शुक्रवार, फक्त नाक आणि हनुवटी, आणि त्या रात्री अ‍ॅडापलीनला सुट्टी. बेसिनवर कागद चिकटवलाय, नाहीतर मी परत दोन्ही लावीन याची मला खात्री आहे. मोठे मुरूम या महिन्यात दोनच आले. डाव्या गालावर तिथल्या तिथे दोन काळे डाग आहेत, स्वतः ओढलेल्या सालीचे. सनस्क्रीन दोन बोटं भरून लावते, तरी ते जायची घाई करत नाहीयेत.

ओसरीवरून काकू, सूनबाई कशा आहेत?

ओसरीवरून

बरी आहे ग. सुरुवातीचे पंधरा दिवस वाईट गेले, आरशावर पदर टाकून ठेवला होता तिने. आता वांग परत दिसतो, पण डॉक्टर म्हणाले की हा तिचा खरा चेहरा, आता यावर काम करू. पार्लर बदललं. आणि रविवारचं तेल मी आता फक्त माझ्या डोक्याला लावते.

दारातला_निवडुंग

एक शेवटचा प्रश्न, डॉक्टर. आठवड्यातून दोनदा तीन थेंब, या हिशेबाने माझी बाटली कित्येक महिने पुरायला हवी. काल बघते तर तळाला. चौकशी केली, तर मला पापड म्हणणारे गृहस्थ महिनाभर आंघोळीनंतर गुपचूप पाठीला लावत होते. ऑफिसच्या खुर्चीत बसून घामाने पुटकुळ्या येतात म्हणे. पाठीला चालतं का?

डॉ_खाजखुजली

चालतं. पण सीरम कशाला वाया घालवताय, पाठीला सॅलिसिलिकचा बॉडीवॉश दोन मिनिटं ठेवून धुवायला सांगा. आणि बनियन रोज बदलतात का विचारा.

दारातला_निवडुंग

विचारलं. उत्तर यायचंय.